पाटावर ठेवलेला लॅपटॉप

मी घाबरट आहे हे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. सिलिंडर बदलायचा असला की मी शेजारणीला हाक मारते, लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, आणि दारात अनोळखी माणूस आला तर सेफ्टी डोअरच्या आतूनच त्याची उलटतपासणी घेते. त्यामुळे दसऱ्याच्या दुपारी मी लॅपटॉपला चार्जर लावला आणि कडेचा बारका दिवा लागला नाही, तेव्हा मी घाबरले यात नवल काही नव्हतं. फक्त या वेळी घाबरायला खरोखरच कारण होतं.

लॅपटॉप माझा नव्हता. विम्याचे कागद तपासणाऱ्या एका कंपनीचं काम मी घरी बसून करत होते आणि तो त्यांनी कुरिअरने पाठवला होता. सोबत नियमांचं एक पत्रक होतं. बाहेरच्या कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचा नाही, खालच्या स्क्रूवर चिकटवलेलं स्टिकर काढायचं नाही, लॅपटॉप बिघडला तर जबाबदारी तुमची. मी ते पत्रक इतक्या वेळा वाचलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. मी अजून कच्च्या नोकरीवर होते. पक्की करायची की घरी पाठवायची हे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठरणार होतं. माझी मॅडम, वयाने माझ्या भाचीएवढी, व्हिडिओवर बोलणार होती. माझ्यासोबत लागलेल्या एकीचं इंटरनेट सारखं जायचं म्हणून तिला मधेच नारळ दिला होता. मग ज्या बाईचा लॅपटॉपच उघडत नाही तिचं काय होणार, हे कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि त्या नोकरीशिवाय घरात दुसरा पैसा येत नव्हता. नवरा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, लग्नाच्या आधीपासून. मालकाने गाळा विकला, मशिनं ट्रकवर चढवून गुजरातला नेली आणि माणसांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नवीन काम कोण देतो? तो फिरला, ओळखीच्यांना भेटला, मग फिरणं कमी झालं. सासूबाईंच्या इन्सुलिनपासून सोसायटीच्या मेंटेनन्सपर्यंत सगळं माझ्या त्या पातळशा यंत्रावर येऊन ठेपलं होतं.

तर दिवा लागला नाही. मी चार्जर काढून परत लावला. भिंतीवरचं दुसरं बटण घेतलं, तिसरं घेतलं. सॉकेटच गेलंय की काय म्हणून इस्त्री लावून पाहिली, ती बिचारी मिनिटात तापली. मग चार्जरच्या वायरीवर जो काळा डबा असतो त्याच्याकडे लक्ष गेलं. भिंतीत लावला की त्याच्यावरचा हिरवा ठिपका नीट पेटायचा. पिन लॅपटॉपच्या भोकात घातली की विझायचा, काढली की परत पेटायचा. पिनही नेहमीसारखी शेवटपर्यंत जात नव्हती, पण मी घाईत ती रेटत होते. घातली, विझला. काढली, पेटला. हे मी किती वेळा केलं देव जाणे.

लॅपटॉप एकदा उघडून बघितला. बॅटरीचं चित्र लाल झालं होतं. नवमीच्या आदल्या संध्याकाळी काम संपवून, चार्जिंग नंतर करू म्हणून मी तो तसाच मिटला होता. आता उरलेली बॅटरी वाचवायची म्हणून पटकन मिटला आणि त्यावर हात ठेवून बसले.

कंपनीला कळवायला हवं होतं. मोबाइलवर मेसेज लिहिला, पुसला. परत लिहिला, परत पुसला. पक्कं करायच्या आदल्या दिवशी ‘माझा लॅपटॉप बिघडला आहे’ असं कोण लिहील?

तेवढ्यात शेजारीण सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातात ठेवून तिने विचारलं, “काय गं, चेहरा असा का पडलाय?” मी सांगितलं. तिच्या मुलाकडे त्याच ब्रँडचा लॅपटॉप आहे. ती धावत जाऊन त्याचा चार्जर घेऊन आली. तो लावला, तर त्याचाही ठिपका विझला. तिने झडप घालून वायर ओढली. “नको बाई, माझा पण जाईल! त्याची परीक्षा आहे.” म्हणजे चार्जर चांगला होता. बिघाड लॅपटॉपच्या आत होता. तोपर्यंत माझी सगळी आशा त्या काळ्या डब्यावर होती, तीही गेली.

नवरा गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. तो आत आला, लॅपटॉपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “वाट लागली?” त्याने विचारलं.

“माहीत नाही. स्टेशनकडे दाखवून आणते.”

“मी येऊ?”

“नको, तू आईंजवळ थांब,” मी म्हटलं, आणि लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला.

भांडुप स्टेशनच्या रस्त्याला त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. रिक्षांना झेंडूच्या माळा, दुकानांना तोरणं, टीव्ही आणि फ्रिजच्या दुकानांसमोर रांगा. पिशवी छातीशी धरून मी लॅपटॉप दुरुस्तीच्या पहिल्या दुकानात शिरले. दुकानदाराने आधी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि मग ऐकून घेतलं.

“ताई, आज नाही होणार. हत्यारं पूजेला बसलीत. उद्या सकाळी दुकान उघडलं की पहिलं तुमचं.”

“उद्या सकाळीच मला काम आहे हो.”

“काय करणार ताई? आज वर्षाचा दिवस ना. आज पेचकसाला हात लावत नाही आम्ही.”

दुसऱ्या दुकानात तेच. तिथेही पेढा. मला रडू येत होतं आणि तोंडात पेढा होता. एरवी ही दुकानं रविवारी रात्रीसुद्धा उघडी असतात, आणि आज सगळ्या मुंबईतले पेचकस झेंडूची फुलं लेवून आराम करत होते. मला भयंकर राग आला. पण राग कुणावर काढणार? मीच माझा लॅपटॉप नवमीपासून पूजेत ठेवला होता.

तिसरा जरा तयार झाला. “हत्यार न लावता बघतो,” म्हणाला. पिशवीतून काढलेला लॅपटॉप उलटा केला आणि त्याला स्टिकर दिसलं. “कंपनीचा आहे? मग मी नाही हात लावत, सॉरी.” मी विनवण्या केल्या तेव्हा त्याने फक्त दुकानातला चार्जर लावून बघितला. ठिपका विझला. “आत शॉर्ट आहे ताई. सारखं सारखं लावू नका, आतला बोर्ड जळून जाईल.”

मी दुपारपासून तेच करत होते. बोर्ड आधीच जळला असेल तर? जळल्याचा वास येतो का? मी भर दुकानात लॅपटॉप नाकाशी धरून हुंगला. तो माणूस मान वळवून हसला. वास झेंडूचा येत होता, आणि तो लॅपटॉपला येतोय की दुकानाला हे कळत नव्हतं.

त्याच्या मागे टेबलावर लाल फडकं अंथरलं होतं आणि त्यावर त्याचे पेचकस ओळीने मांडले होते. प्रत्येकाच्या मुठीवर एक फूल, आणि प्रत्येकाच्या टोकाला, जे टोक स्क्रूत बसतं तिथे, कुंकवाचं बोट. मी त्या टोकांकडे बघत राहिले आणि मला दरदरून घाम फुटला.

कारण आमच्याकडेही कुंकू तसंच लावतात. वर कुठेतरी नाही, हत्यार जिथून काम करतं तिथे. सुरीच्या धारेला, कातरीच्या टोकांना, आणि खंडेनवमीला पाटावर मांडलेल्या नवऱ्याच्या हत्यारांना. त्याच्याकडे माप घ्यायचा एक कॅलिपर होता, त्याच्या दोन्ही जबड्यांना सासूबाई अनामिकेने कुंकू लावायच्या आणि तो दुसऱ्या दिवशी ते मलमलच्या कपड्याने इतक्या हळू पुसायचा की मला हसू यायचं. यंदा त्याने ती सगळी हत्यारं गुंडाळून माळ्यावर टाकली होती. नवमीच्या सकाळी सासूबाईंनी रांगोळी काढून पाट मांडला आणि त्याला हत्यारं काढायला सांगितलं.

“कशाला?” तो म्हणाला. “ती कुठे काम करतायत?” आणि गॅलरीत निघून गेला.

पाट तसाच रिकामा राहिला. सासूबाई बराच वेळ त्याच्यासमोर बसून होत्या. मग मला म्हणाल्या, “तुझा ता यंत्र हाड गो. घर आता त्येच्यावर चलता.”

सासूबाई मालवणच्या, त्यांचं ‘हाड’ म्हणजे आण. मुंबईत येऊन जन्म गेला तरी बोली सोडली नाही. आणि माझ्या कामाबद्दल त्यांचं तोवरचं मत एवढंच होतं की मी दिवसभर खुर्चीत बसून असते. त्यांनी माझ्या लॅपटॉपला नवऱ्याच्या हत्यारांच्या जागेवर बोलावलं, याचा मला इतका आनंद झाला की मी तो जवळजवळ पळतच आणला. त्यांनी मांडीवर घेऊन उलटासुलटा केला.

“ह्येचा तोंड खंय?”

मी हसले. याला तोंड कुठलं? पडदा दाखवला, बटणं दाखवली. त्यांना पटेना.

“मगे ह्या खाता खंयसून?”

मी लाडात येऊन कडेचं गोल भोक दाखवलं. “इथून, आई. इथून करंट खातं.”

त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यांनी लॅपटॉप नाकाजवळ नेला, ओलं हळदकुंकू बोटाने त्या भोकावर भरभरून लावलं, वर अक्षता दाबल्या, फूल ठेवलं आणि नमस्कार केला. मीही केला. दसऱ्याला नैवेद्य झाल्यावर मी पाट हलवला, फूल काढलं, वरवर कापड फिरवलं आणि चार्जर लावला.

दुकानातून घरी मी कशी आले ते आठवत नाही. दारातूनच नवऱ्याला ओरडले, “टॉर्च!” त्याने मोबाइलचा उजेड भोकात पाडला. आत गुलाबी चिखल होता. मधोमध सुईसारखी बारीक पिन आणि तिच्याभोवती चेपलेले तांदूळ.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. मी त्यांना काही कळू द्यायचं नाही असं ठरवत होते, पण त्यांना एका डोळ्यानेही पुरेसं दिसलं.

“माझ्या हातान झाला ह्या?”

“नाही आई, मीच दाखवलं ना भोक.”

“झिलाचा काम गेला,” त्या म्हणाल्या. झील म्हणजे मुलगा. “आता तुझाय माझ्या हातान गेला तर मी काय करू?” आणि त्या जिथे उभ्या होत्या तिथेच जमिनीवर बसल्या. त्यांना उठवायला मी गेले नाही. मला तेवढा धीर नव्हता.

लॅपटॉप पूर्ण बंद केला. इन्सुलिनच्या डब्यात सुई टोचण्याआधी लावायचं स्पिरिट होतं, देव्हाऱ्यात वातींचा कापूस होता. टूथपिकला तो कापूस गुंडाळला. ती मधली पिन वाकली किंवा मोडली की सगळं संपलं, हे कुणी न सांगताही कळत होतं. मी जमिनीवर मांडी घातली, लॅपटॉप उशीवर ठेवला. नवरा उजेड धरून वाकला.

माझा हात थरथरत होता हे समजण्यासारखं होतं. पण उजेडही थरथरत होता. ज्या माणसाने जन्मभर केसाएवढी मापं घेतली त्याच्या हातात मोबाइल स्थिर राहत नव्हता. पिनेची सावली इकडून तिकडे पळत होती आणि मला पिन कुठली, सावली कुठली कळेना.

“नीट धर ना रे!”

“धरलाय.”

“हलतोय!”

दुसऱ्या हाताने त्याने स्वतःचं मनगट पकडलं. पहिला तांदूळ निघाला तेव्हा मी श्वास सोडला. मग एक अर्धा तुटलेला, मग अजून एक. कापूस गुलाबी होऊन बाहेर येत होता, मी नवीन गुंडाळत होते. मधेच बेल वाजली. तळमजल्यावरचं जोडपं सोनं द्यायला आलं होतं. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, असं म्हणत ते हसले. मीही हसले, एका हातात टूथपिक, दुसऱ्यात आपट्याची पानं. श्रीखंड खाऊन जा म्हणायचं भानही मला राहिलं नाही.

कापूस पांढरा बाहेर यायला लागला तेव्हा थांबले. मग स्पिरिट वाळायची वाट बघायची होती. पंख्याखाली लॅपटॉप ठेवून आम्ही तिघं त्याच्याभोवती बसलो. सासूबाई काहीतरी पुटपुटत होत्या, बहुधा गावच्या देवाला गाऱ्हाणं घालत होत्या. मला फक्त दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसत होती. मॅडम पडद्यावर माझी वाट बघते, माझी चौकट काळी, ती घड्याळ बघते, पुढच्या नावाकडे जाते.

बाहेर दिवे लागले. मी चार्जरची पिन हातात घेतली आणि भोकाजवळ नेऊन थांबले. घालवेना. घातली आणि ठिपका विझला तर पुढे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

“घाल,” नवरा म्हणाला.

मी घातली. पिन शेवटपर्यंत गेली. हिरवा ठिपका पेटलेलाच राहिला आणि लॅपटॉपच्या कडेला बारका केशरी दिवा लागला. सासूबाईंनी दोन्ही हात जोडले आणि हमसून हमसून रडायला लागल्या. मीही त्यांच्या गळ्यात पडून रडले.

मग मी चहा टाकायला आत गेले. नवरा मागून आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

“एक सांगू? रागावणार नाहीस ना?”

“बोल.”

“दुपारी तो दिवा लागला नाही ना, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं.” तो चहाच्या पातेल्याकडे बघत होता. “म्हणजे, वाटलं, आता आपण दोघंही घरी. सारखे.”

मी पातेल्यात साखर टाकली.

“क्षणभरच गं.”

“हं.”

“आणि टॉर्च हलत होता तो मुद्दाम नाही. हात खरंच थरथरत होता.”

मुद्दाम असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. त्याने आपण होऊन सांगितलं, आणि ते ऐकून मी जी घाबरले तशी दिवसभरात घाबरले नव्हते. चहा उतू गेला. त्यानेच गॅस बंद केला आणि फडक्याने ओटा पुसला, नीट, कोपऱ्यापर्यंत. मी त्याच्या हाताकडे बघत होते. आता तो थरथरत नव्हता. मला रागावायला हवं होतं, किंवा त्याला जवळ घ्यायला हवं होतं. मी कप काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमने माझं काम चांगलं आहे म्हणून सांगितलं आणि नोकरी पक्की केली. सासूबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. नवरा “झकास!” म्हणाला, मोठ्याने म्हणाला, आणि चपला घालून पेढे आणायला गेला. तो जिना उतरेपर्यंत मी दारात उभी राहिले. त्याचा चेहरा मला नीट बघायला मिळाला नव्हता.

तो भला माणूस आहे, हे मी कुणालाही सांगेन. हल्ली कांजूरमार्गला एका ओळखीच्याकडे अधूनमधून काम मिळतं त्याला. आम्ही त्या संध्याकाळबद्दल परत बोललो नाही. पण महिन्याअखेरीला पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, तेव्हा मी मोबाइल पालथा ठेवते आणि आधी तो घरात कुठे आहे ते बघते. तो कामात असला, किंवा जेवून जरा खुशीत असला, की मगच सांगते, आणि तेही सहज काहीतरी सांगावं तसं.